फ्लुकोनाझोलला दाद न देणारी यीस्ट आणि ओवा-लवंगेची तेलं: नेमकं कुठे चालतात?

निळी शाई

कॅन्डिडा या यीस्टच्या ज्या जाती फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत त्यांच्यावर वनस्पतींची बाष्पनशील तेलं चालतात, असे लेख सतत वाचनात येतात. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा, टी ट्री ही नावं ठरलेली. लेखाच्या शेवटी 'नैसर्गिक पर्याय सापडला' असं वाक्य, आणि खाली पहिलाच प्रतिसाद 'किती थेंब घ्यायचे?'

थेंबांच्या आधीचे प्रश्न इथे सोडवू या. औषधाला न जुमानणारी यीस्ट तेलाने का मरते? प्रयोगशाळेत ते मोजतात कसं, आणि त्या आकड्यावर कितपत विसंबावं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: शरीरात किंवा शरीराबाहेर अशी कोणती जागा आहे जिथे हे खरोखर वापरता येईल? एम.एस्सी.च्या प्रकल्पांना हा विषय दरवर्षी घेतला जातो, त्यामुळे उत्तरं नेमकी हवीत. सूक्ष्मजीवशास्त्रवाले, औषधनिर्माणवाले, दवाखान्यातले, सगळ्यांनी लिहा.

सह्यकडा

ओव्याचं नाव आलं की भजी आठवतात. वाचतोय.

कवकमित्र

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो.

आपल्या पेशीपटलात जसं कोलेस्टेरॉल असतं तसं बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. ते तयार होण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम फ्लुकोनाझोल अडवतं. त्या एन्झाइमच्या जनुकाचं नाव ईआरजी११. यीस्ट यातून सुटते ती मुख्यतः तीन वाटांनी: एन्झाइमची घडण जराशी बदलते आणि औषध त्यात बसेनासं होतं, किंवा एन्झाइमच इतकं जास्त बनतं की औषध पुरत नाही, किंवा पटलातले पंप आत आलेलं औषध बाहेर फेकत राहतात. कॅन्डिडा ग्लाब्राटात पंपांचाच वाटा मोठा. कॅन्डिडा क्रुसाय तर जन्मजातच फ्लुकोनाझोलला दाद देत नाही.

थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल हे लहान, तेलकट रेणू. ते पटलातच शिरतात, पटल ढिलं पडतं, आतलं पोटॅशियम गळायला लागतं. त्यांना ईआरजी११चं एन्झाइम लागतच नाही, त्यामुळे ते बदललेलं असो वा नसो, फरक पडत नाही. म्हणूनच फ्लुकोनाझोलला दाद देणारी आणि न देणारी अशा दोन्ही जातींवर एकाच तेलाची एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, बऱ्याचदा जवळपास सारखी येते. 'दाद न देणाऱ्या जातींवरही प्रभावी' या वाक्यामागे एवढंच असतं. वाक्य खरं आहे. पण पटल आपल्या पेशींनाही असतं. एन्झाइमवर नेम धरणारं औषध बुरशी आणि माणूस यांत जेवढा भेद करतं तेवढा भेद हे रेणू करत नाहीत.

कॅन्डिडा ऑरिसचा उल्लेख हवाच. २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून तिची पहिली नोंद झाली. 'ऑरिस' म्हणजे लॅटिनमध्ये कान. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची प्राधान्ययादी काढली, त्यात ती सर्वांत गंभीर गटात आहे. भारतातल्या बहुतेक ऑरिस फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत. नव्या वर्गीकरणात तिला कॅन्डिडोझायमा ऑरिस म्हणतात, दोन्ही नावांनी शोधा.

शतावरी

कवकमित्र, छान मांडलंत. एक भर. लेखांत बऱ्याचदा फक्त शुद्ध थायमॉल किंवा शुद्ध युजेनॉल तपासतात. ओव्याच्या तेलात थायमॉलबरोबर पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन भरपूर असतं. पॅरा-सायमीन एकटं दुबळं आहे, पण ते पटल फुगवतं आणि फिनॉल गटातल्या रेणूंना आत शिरायला सोपं जातं. वनस्पतीने जे एकत्र दिलंय ते एकत्रच तपासावं, असं माझं मत आहे.

पेट्रीताई

शतावरी, पॅरा-सायमीनचं ते निरीक्षण मुख्यतः जिवाणूंवरचं आहे. यीस्टवर ते गृहीत धरू नका, मोजून दाखवा. कसं ते पुढे लिहिते. आधी दुसरा प्रश्न, कारण निम्मे प्रकल्प इथेच फसतात.

चकती पद्धत विसरा. आगरवर (यीस्ट वाढवायच्या घट्ट माध्यमावर) तेलात भिजवलेली चकती ठेवून मोकळं वर्तुळ मोजायचं, हे दिसायला सोपं आहे. पण तेल आगरमध्ये नीट पसरत नाही, वरून उडून मात्र जातं. वर्तुळ मोठं आलं ते तेल जोरदार म्हणून की ते जास्त उडतं म्हणून, हे कळायला मार्ग नाही. दोन तेलांची वर्तुळं शेजारी ठेवून तुलना करू नये.

सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एम२७ पद्धतीने ९६ खणांच्या प्लेटमध्ये करा. माध्यम, म्हणजे वाढीचं पोषक द्रव, आरपीएमआय १६४०, मॉप्स बफरने सामू ७.०. सॅबोरो आगरवर २४ तास वाढलेल्या, निदान १ मिमीच्या पाच वसाहती घ्या, ५ मिली सलाइनमध्ये कालवा, ५३० नॅनोमीटरवर ०.५ मॅकफार्लंडला (धूसरपणाच्या ठरलेल्या मापाला) जुळवा. मग १:५० आणि त्यानंतर १:२० असं माध्यमात विरळ करा. खणात १०० मायक्रोलिटर तेलाचं माध्यम आणि १०० मायक्रोलिटर यीस्ट घातलं की शेवटी मिलीमागे ५०० ते २५०० पेशी होतात. ३५ अंश, २४ तास.

तेलाची मालिका माध्यमात करू नका, डीएमएसओ या द्रावकात करा, तीही काचेच्या छोट्या कुप्यांत. पहिली कुपी निम्मं तेल, निम्मं डीएमएसओ. तिथून डीएमएसओने दुप्पट-दुप्पट विरळ करत दहा कुप्या. प्रत्येकीतले १० मायक्रोलिटर ४९० मायक्रोलिटर माध्यमात टाकून जोरात घुसळा आणि लगेच प्लेटमध्ये भरा. यीस्ट मिसळल्यावर वरची मात्रा ०.५ टक्के होते, खालची ०.००१ टक्क्याच्या जवळ. डीएमएसओ कुठेही १ टक्क्यावर जात नाही. नुसत्या १ टक्का डीएमएसओचा खण, नुसत्या यीस्टचा खण आणि नुसत्या माध्यमाचा खण ठेवाच.

ताळ्यासाठी कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस एटीसीसी २२०१९ हा प्रमाणित वाण त्याच दिवशी फ्लुकोनाझोलवर लावा. २४ तासांनी तिची एमआयसी मिलीमागे ०.५ ते ४ मायक्रोग्रॅममध्ये यायला हवी. ती नाही आली तर त्या दिवसाचे तेलाचे आकडेही बाद.

काचनळी

पेट्रीताईंनी पद्धत दिलीच आहे, मी बिघाड लिहितो.

एक, वाफ. ओव्याचं किंवा ओरेगॅनोचं तेल ०.५ टक्क्याच्या खणातून उडतं आणि शेजारच्या खणातल्या यीस्टला मारतं. दुसऱ्या दिवशी प्लेट बघितली की नुसत्या यीस्टचा खणही स्वच्छ. ओळखायची खूण सोपी: वाढ न झालेले खण ओळीत न येता जास्त मात्रेच्या कोपऱ्याभोवती गोलाकार येतात. प्लेटला चिकट पटल लावा, एका प्लेटवर एकच तेल ठेवा, यीस्टचा ताळ्याचा खण सगळ्यात लांबच्या स्तंभात ठेवा आणि एक ताळा पूर्णपणे वेगळ्या प्लेटवर लावा.

दोन, प्लास्टिक. साध्या प्लेटा पॉलिस्टायरीनच्या असतात. जास्त मात्रेचं तेल त्यात मुरतं, कधी खणाचा तळच धुरकट होतो. मग यंत्र तो धूसरपणा वाढ म्हणून वाचतं. अशा वेळी पॉलिप्रॉपिलीन घ्या किंवा काचेच्या नळ्यांत करा, आणि यंत्रावर विसंबण्याआधी डोळ्यांनी बघा.

तीन, ट्वीन ८०, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा साबणासारखा पदार्थ. तेल मिसळावं म्हणून लोक सढळ हाताने घालतात. ते तेलाच्या रेणूंना स्वतःच्या गोळ्यांत अडकवून ठेवतं आणि एमआयसी खोटी वाढते. डीएमएसओने भागत नसेल तर माध्यमात ०.१५ टक्के आगर घाला. थेंब तरंगून वर येत नाहीत, यीस्टलाही त्रास नाही.

चार, 'मारतं' की 'थांबवतं'? स्वच्छ खणातून १०० मायक्रोलिटर काढून आगरवर पसरलं आणि वाढ आली नाही, तर ती यीस्ट मेली म्हणून की बरोबर आलेल्या तेलाने आगरवरही अडवली म्हणून? खणातलं द्रव एकदा सलाइनने धुवून, विरळ करून मगच पसरा.

रोशा गवत

टक्के आणि मायक्रोग्रॅम यांत माझा नेहमी गोंधळ होतो. एका लेखात ०.१२५ टक्के, दुसऱ्यात १००० मायक्रोग्रॅम. कोणतं तेल जोरदार?

काचनळी

तेच सांगायचं होतं. १ टक्का म्हणजे मिलीमागे १० मायक्रोलिटर. ०.१२५ टक्के म्हणजे १.२५ मायक्रोलिटर. ओव्याच्या तेलाची घनता ०.९२ धरली तर १.१५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीमागे ११५० मायक्रोग्रॅम. दोन्ही तेलं जवळपास सारखीच.

घनता प्रत्येक तेलाची मोजून घ्या. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, एक थेंब ओव्याचं तेल सोडा, तरंगेल आणि पसरेल. एक थेंब लवंगेचं तेल सोडा, गोल मणी होऊन सरळ तळाला जाईल, कारण त्याची घनता १.०४ ते १.०६. टक्क्यांत लिहिलं तर हा फरक लपतो, वजनात लिहिलं तर दिसतो.

आता ते ११५० फ्लुकोनाझोलशेजारी ठेवा. कॅन्डिडा अल्बिकन्स या नेहमीच्या जातीवर फ्लुकोनाझोलची एमआयसी २ मायक्रोग्रॅम किंवा कमी आली तर ती दाद देणारी, ८ किंवा जास्त आली तर न देणारी. म्हणजे दाद देण्याच्या मर्यादेपेक्षा तेल पावणेसहाशे पट जास्त लागतंय. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच. पोटातून घेऊन रक्तात तेवढी मात्रा ठेवायची तर तीन लिटर रक्तद्रवात साडेतीन ग्रॅम तेल सतत मोकळं फिरत राहायला हवं. प्रत्यक्षात ते प्रथिनांना चिकटतं आणि यकृत त्याला पटापट बांधून बाहेर काढतं.

ओपीडी

काचनळींच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. रक्तात पोचलेला कॅन्डिडा हा रुग्णालयातला, शिरेतून औषध द्यायचा आजार आहे. तिथे तेलाचा विचारही करायचा नाही. लवंगेचं तेल ५ ते १० मिली पोटात गेल्यावर लहान मुलं बेशुद्ध पडल्याची, यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. 'नैसर्गिक आहे, पोटात घेतलं तर काय होतंय' असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

बहुतेक वाचक इथे येतात ते अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीसाठी. म्हणून थोडं सविस्तर.

सगळंच पांढरं जाणं कॅन्डिडाचं नसतं. दह्यासारखं घट्ट, खाज, आणि योनीचा सामू ४.५ किंवा कमी, तर कॅन्डिडा संभवतो. सामू ४.५ च्या वर आणि माशासारखा वास असेल तर जिवाणूंचा असमतोल असू शकतो, त्यावर बुरशीचं औषधही चालत नाही आणि तेलही नाही. १० टक्के पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. परत परत होत असेल तर कल्चर करून जात ओळखणं आवश्यक. बऱ्याच 'दाद न देणाऱ्या' तक्रारींत जात ग्लाब्राटा निघते, किंवा मुळात कॅन्डिडाच नसतो.

ग्लाब्राटा निघाली आणि गोळ्यांनी हटत नसेल तर तेलाच्या आधी ठरलेले उपाय आहेत. ६०० मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिडची जिलेटिन कॅप्सूल रात्री योनीत, दोन ते तीन आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. किंवा निस्टॅटिनच्या १ लाख युनिटच्या योनीतल्या गोळ्या १४ दिवस. बोरिक अ‍ॅसिड तोंडावाटे गेलं तर विषारी, जीवही जाऊ शकतो, म्हणून डबी मुलांपासून दूर आणि वर ठळक लिहिलेली. गरोदरपणात अजिबात नाही. अल्बिकन्स असेल आणि ती फ्लुकोनाझोलला दाद देत असेल, पण संसर्ग उलटत असेल, तर १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने. अनेकदा दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या थांबवल्या जातात आणि मग यीस्टला 'दाद न देणारी' म्हटलं जातं.

मोगरकळी

खोबरेल तेलात टी ट्रीचे दोन थेंब घालून लावायचा उपाय सगळीकडे सांगतात. ते तरी बरं का?

पेट्रीताई

हिशोब करा. एक थेंब साधारण ०.०५ मिली. ५ मिली खोबरेलात दोन थेंब म्हणजे २ टक्के. प्लेटमध्ये टी ट्रीची एमआयसी ०.२५ टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे आठपट झाली. तरीही भरवसा नाही, कारण टर्पिनेन-४-ऑल हा टी ट्रीतला मुख्य रेणू तेलात सुखाने राहतो. खोबरेलातून सुटून ओलसर त्वचेत जायला त्याला फारसं कारण नसतं. प्लेटमध्ये तो पाण्यात होता, म्हणून यीस्टकडे गेला.

आणि न मिसळता थेट लावलं तर आग होते, श्लेष्मल त्वचा सोलते. जुन्या बाटलीत हवेने तेल बिघडतं, पॅरा-सायमीन वाढतं, अ‍ॅस्कॅरिडोल तयार होतं आणि त्वचेची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. उघडलेली बाटली गडद काचेची, गच्च झाकणाची, फ्रिजमध्ये, आणि वर उघडल्याची तारीख. तेलकट काहीही लावलेलं असताना लॅटेक्सचा निरोध फाटतो, हेही लक्षात ठेवा.

सह्यकडा

अवांतर: पाठीवरची शिबं पण यीस्टच ना? त्यावर खोबरेल चालेल?

कवकमित्र

हो, शिबं म्हणजे मॅलॅसेझिया, तीही यीस्टच. पण ती स्निग्ध आम्लांवर जगते. खोबरेल चोळणं म्हणजे तिला आयतं खाद्य वाढणं. प्रयोगशाळेतही ती साध्या आरपीएमआयमध्ये वाढत नाही, स्निग्ध पदार्थ घातलेलं माध्यम आणि ३२ अंश लागतात. म्हणून 'मॅलॅसेझियावर तेलाची एमआयसी' असा लेख दिसला की आधी माध्यम बघा. गजकर्ण मात्र यीस्ट नाही, ती तंतूंची बुरशी. भारतातली टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

अर्कशाळा

इतकं सगळं झालं, पण बाटलीत काय आहे ते कुणी विचारलं नाही. 'दालचिनीचं तेल' म्हणजे कोणतं? सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य, पानांच्या तेलात युजेनॉल मुख्य. झाड तेच, रेणू वेगळे, एमआयसी वेगळी, त्वचेवरचा परिणामही वेगळा. कोकणात दालचिनीची पानंही ऊर्ध्वपातनाला जातात, त्यामुळे स्वस्त 'दालचिनी तेल' बऱ्याचदा पानांचं असतं. गवती चहाच्या तेलात सिट्रल ७० ते ८० टक्के असायला हवं. घरच्या कुंडीतली जात आणि तेलासाठी शेतात लावतात ती जात एकच असेल असं नाही. टी ट्रीसाठी आयएसओ ४७३० मानक आहे. त्यात टर्पिनेन-४-ऑल किमान किती आणि सिनिऑल कमाल किती हे ठरलेलं आहे. बाकीच्या तेलांनाही प्रत्येक खेपेचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते रेणू किती, हे सांगणारी तपासणी) हवाच, नाहीतर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग परत करता येत नाही.

तेल स्वतः काढणार असाल तर: क्लेव्हेंजर हे ऊर्ध्वपातनाचं काचेचं उपकरण, १०० ग्रॅम भरड ओवा, १ लिटर पाणी, उकळी आल्यापासून ३ तास. ओवा कुटून लगेच घाला, कुटून रात्रभर ठेवला तर वास खोलीत जातो आणि तेल कमी मिळतं. २ ते ४ मिली मिळेल. ते निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा. लवंगेला साधा क्लेव्हेंजर चालत नाही, तेल पाण्याखाली बसतं आणि परतीच्या नळीतून पुन्हा चंबूत जातं. जड तेलाची वेगळी बाजू असलेलं उपकरण घ्या. ओव्याच्या तेलात थायमॉल जास्त असेल तर थंडीत बाटलीच्या तळाशी खडे धरतात. तसं झालं की बाटली कोमट पाण्यात धरून सगळं विरघळवून मगच मात्रा काढा, नाहीतर वरचं तेल फिकं आणि खालचं तिखट.

शतावरी

ते थायमॉलचे खडे म्हणजेच ओव्याचं फूल. अमृतधारा अशीच होते: ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणि कापूर समभाग, तिन्ही घट्ट. कुपीत एकत्र हलवले की काही मिनिटांत सगळं पातळ. पाणी नाही, उष्णता नाही.

पेट्रीताई

थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळतं, मेंथॉल ४२ च्या आसपास, कापूर १७५ च्या वर. एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली जातो. प्रयोगाला उत्तम विषय. पण ती श्लेष्मल त्वचेवर लावायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ कापूर-मेंथॉल न्यायचंच नाही, श्वास अडखळू शकतो, कापूर पोटात गेला तर झटके येतात.

शतावरी, तुमचा 'एकत्रच तपासा' हा मुद्दा आता घेते. बुद्धिबळाच्या पटासारखी प्लेट लावा, आडव्या दिशेने एक पदार्थ, उभ्या दिशेने दुसरा. समजा ग्लाब्राटावर फ्लुकोनाझोल एकटं ६४, युजेनॉल एकटं ५००. जोडीत फ्लुकोनाझोल ८ आणि युजेनॉल १२५ वर वाढ थांबली. ८ भागिले ६४ म्हणजे ०.१२५, १२५ भागिले ५०० म्हणजे ०.२५, बेरीज ०.३७५. ०.५ किंवा कमी म्हणजे परस्परांना पूरक. ०.५ च्या वर आणि ४ पर्यंत 'फरक नाही'. ०.७ ला 'अंशतः पूरक' म्हणायची सवय सोडा, एक खण इकडेतिकडे झाला तरी तेवढा फरक पडतो. आणि दोन्ही पदार्थांना वाचनाचा निकष एकच ठेवा. फ्लुकोनाझोल निम्म्या वाढीवर वाचतात, तेल पूर्ण स्वच्छ खणावर. निकष मिसळले तर बेरीज निरर्थक.

काचनळी

याच उदाहरणात एक मेख आहे. फ्लुकोनाझोल ६४ वरून ८ वर आलं, आठपट घट, लेखात मथळा होईल. पण त्यासाठी १२५ मायक्रोग्रॅम युजेनॉल त्याच जागी, त्याच वेळी हजर हवं. रक्तात ते होणार नाही. हेच उदाहरण अल्बिकन्सचं असतं तर ८ म्हणजे अजूनही 'दाद न देणारी'च. बेरजेबरोबर शेवटची प्रत्यक्ष मात्रा लिहायलाच हवी.

शतावरी

पटलं. मग मिश्रणाचा आग्रह मी असा मांडते: अख्खं तेल, त्यातला मुख्य रेणू त्याच प्रमाणात, आणि उरलेला भाग, तिन्ही एकाच दिवशी एकाच प्लेटमालिकेत. फरक असेल तर दिसेल.

निळी शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रश्न सुटले. तिसऱ्याकडे वळू. रक्त नाही, पोटातून नाही, योनीत आधी ठरलेले उपाय. मग तेलाची मात्रा जिथे बाहेरून पोचवता येते अशी जागा उरते तरी कोणती?

ओपीडी

तोंड. एड्सच्या रुग्णांत फ्लुकोनाझोलला न हटणाऱ्या तोंडातल्या कॅन्डिडावर टी ट्रीच्या द्रावणाची छोटी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. १५ मिली, दिवसातून चार वेळा, खुळखुळवून थुंकायचं. १३ रुग्ण, तपासता आलेल्या १२ पैकी ८ जणांना फरक, त्यात पूर्ण बरे दोघे. तुलनेचा गट नव्हता. म्हणजे दार किलकिलं आहे, एवढंच. एक खुलासा: आपण ज्याला 'तोंड येणं' म्हणतो ते बहुतेकदा साधे फोड असतात. कॅन्डिडाचा पांढरा थर बोळ्याने पुसला की निघतो आणि खाली लाल दिसतं.

कवकमित्र

आणि कवळी. टाळूला चिकटून राहणाऱ्या अ‍ॅक्रिलिकवर कॅन्डिडा थर धरते, त्या थरात औषध पोचत नाही, आणि रोज थोडी थोडी तोंडात परत येते. कवळी बाहेर काढता येते, भिजवता येते, धुता येते. गिळायचा प्रश्न नाही, यकृताचा प्रश्न नाही. थायमॉल पाण्यात लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम विरघळतं, पण कॅन्डिडाला थांबवायला त्याहून कमी पुरतं, म्हणजे ट्वीनशिवाय जमतं. लिस्टरिन या चूळ भरायच्या द्रावणात थायमॉल ०.०६४ टक्के आहे, मिलीमागे ६४० मायक्रोग्रॅम, पण त्यात अल्कोहोल आणि इतर तेलंही असतात, म्हणून श्रेय एकट्या थायमॉलला देता येत नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी माझं मत कवळीलाच.

पेट्रीताई

सहमत. रचना अशी ठेवा. कवळीच्याच अ‍ॅक्रिलिकचे १० बाय १० बाय २ मिमीचे तुकडे, एकाच घासकागदाने सारखे घासलेले, कारण खरखरीत तुकड्यावर थर जास्त धरतो. मिलीमागे १० लाख पेशी, ३७ अंशांवर ९० मिनिटं चिकटू द्या, बफरने हलकं धुवा, नवं माध्यम घालून ४८ तास. मग १५ मिनिटं भिजवण. गट चार: नुसतं पाणी, ०.०५ टक्के थायमॉल, ०.१ टक्के थायमॉल, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन (तोंडासाठीचं नेहमीचं जंतुनाशक). ०.१ टक्क्याचं द्रावण कोमट करून करा आणि खडे उरले नाहीत ना ते बघा. भिजवणीनंतर दोनदा धुवा, एक्सटीटी (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं द्रव्य) घाला, ४९० नॅनोमीटरवर वाचा. पेशी नसलेल्या तुकड्यावरही तीच सगळी क्रिया करा, कारण राहिलेल्या फिनॉलने एक्सटीटीचा रंग बदलू शकतो. निम्मे तुकडे कंपनाने सुटे करून आगरवर मोजा, नुसत्या रंगावर थांबू नका.

लवंगेचं तेल या प्रयोगात घेऊ नका. युजेनॉल आणि रेझिन यांचं जमत नाही. आणि निस्टॅटिन चालू असताना क्लोरहेक्सिडिन त्याच वेळी वापरलं तर दोघं मिळून न विरघळणारं संयुग करतात, दोन्ही निकामी. रुग्णांपर्यंत गेलात तर मध्ये वेळ ठेवायला सांगा.

मोगरकळी

कवळीत धातूची तार असेल तर?

ओपीडी

क्रोमियम-कोबाल्टची चौकट असेल तर हायपोक्लोराइटने काळी पडते, गंजते. त्यात भिजवायचीच नाही. थायमॉलसाठी धातूचे तुकडे वेगळे लावून बघावे लागतील. आणि काहीही असो, कवळी रात्री तोंडाबाहेर आणि आधी ब्रशने घासलेली. न घासता भिजवली तर वरचा थर तसाच राहतो, खालची यीस्ट सुरक्षित.

निळी शाई

कवळीचंच घेते. ०.१ टक्क्याला रोज १५ मिनिटं असं ३० दिवस भिजवल्यावर अ‍ॅक्रिलिकचं वजन आणि रंग बदलतो का, हे आधी नुसत्या तुकड्यांवर बघते, यीस्ट नंतर. घासकागद कोणत्या क्रमांकाचा?

पेट्रीताई

४०० ने सुरू करा, ६०० वर थांबवा. पाण्याखाली घासा, कोरडं घासलं तर अ‍ॅक्रिलिक तापून पृष्ठभाग चिकट होतो. वजनाआधी तुकडे २४ तास पाण्यात मुरवून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी वाढलेलं वजन पाण्याचं असेल आणि दोष थायमॉलला जाईल.